दुसरा प्रश्न

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच माझी संकष्टी मोडली, तीही अंगारकी, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. दवाखान्यात समोर ताटलीत पोहे होते, सिस्टर म्हणाल्या खा, मी खाल्ले. ज्या बाईनं तापात, प्रवासात, अगदी बाळंतपणानंतरही चंद्र पाहिल्याशिवाय घास घेतला नव्हता, ती बाई मंगळवारी सकाळी पोहे खात होती आणि शेंगदाणे बाजूला काढत होती. माझा आजार काय होता असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. दुःख फार झालं होतं असं नाही. दुःख करणारं जे कुणी आत असतं, तेच उठून गेलं होतं.

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. काम उगवण तपासण्याचं. ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ठरलेल्या उबेत ठेवायची, आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. एवढ्या वर्षांत मी एक दाणा इकडचा तिकडे केला नाही. साहेब लोकांनी कधी गोड बोलून, कधी डोळे वटारून सुचवून पाहिलं, पण नव्वदचे ब्याण्णव माझ्या हातून झाले नाहीत. या गोष्टीचा मला अभिमान होता, आणि तो किती पोकळ होता ते पुढं कळलंच.

आजार कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. सगळ्यांनी कारण शोधलं. सासरी जाच नाही, यजमान बँकेत, शांत स्वभावाचे, लेक अकरावीला, अभ्यासात बरी. माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, त्यांनी तर दृष्टसुद्धा काढून पाहिली. कारण सापडलं नाही. झोप गेली, मग भूक गेली, मग मोजताना आकडे निसटायला लागले. गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. मी रोज देवापुढं दिवा लावत होते, अथर्वशीर्ष म्हणत होते, आणि म्हणताना मनात एकच विचार चालू असायचा की आपण नसलो तर बरं होईल. तो विचार आधी पाहुण्यासारखा यायचा. पुढं तो घरातलाच झाला, आणि मग घर त्याचंच झालं.

यजमानांच्या लक्षात आलं ते स्वयंपाकघरातल्या डब्यांमुळे. एका शनिवारी सकाळी ते चहा करायला गेले आणि थांबले. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. हळद, तिखट, धने, काळा मसाला, उपवासाची भगर. माझ्याच अक्षरात, प्रयोगशाळेत नमुन्यांना लावतो तशा. मला माझे डबे डोळे मिटून ओळखता येतात, हे त्यांना माहीत होतं. मग चिठ्ठ्या कुणासाठी? त्यांनी मला हाक मारली नाही. मी आत गेले तेव्हा ते ओट्याला टेकून खाली फरशीवर बसले होते आणि काळ्या मसाल्याचा डबा मांडीवर होता. "अगं, हे कुणासाठी लिहिलंस?" एवढंच त्यांनी विचारलं. त्याच दुपारी मी दवाखान्यात भरती झाले.

तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी यजमानांना आणि मला शेजारी बसवून सांगितलं की केटामाइन नावाचं एक औषध आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला ते फार वर्षांपासून वापरतात. तेच अगदी कमी प्रमाणात, सलाईनमधून सावकाश, चाळीसएक मिनिटांत दिलं तर काही रुग्णांचे मरणाचे विचार काही तासांत सैल होतात. "गोळ्यांना असर दाखवायला आठवडे लागतात," त्या म्हणाल्या, "आणि ज्याचा जीव आजच टांगणीला आहे त्यानं आठवडे कुठून आणायचे?" यजमानांनी विचारलं, याची नशा करतात म्हणे लोक? त्या म्हणाल्या, हो, करतात, म्हणूनच हे घरी द्यायचं औषध नाही. इथं भूलतज्ज्ञ डॉक्टर शेजारी उभे असतात, रक्तदाब, श्वास सगळं बघत असतात. काहींना चांगला फरक पडतो, काहींना बिलकुल पडत नाही, आणि पडला तरी तो टिकेलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. रक्ततपासण्या, हृदयाची पट्टी वगैरे होऊन बुधवारी सकाळी नऊची वेळ ठरली.

मी लगेच सही केली. आता खरं लिहायचं तर मी बरं होण्यासाठी सही केली नव्हती. नाही म्हटलं असतं तर मुक्काम वाढला असता. मॅडम रोज सकाळी विचारायच्या, "आज किती? शून्य म्हणजे तसा विचार अजिबात नाही, दहा म्हणजे तोच एक विचार." शनिवारी भरती होताना मी आठ म्हणाले, ते खरं होतं. रविवारी सात, सोमवारी सहा, मंगळवारी पाच. घाई केली तर संशय येतो, म्हणून एकेक उतरवत आणला. कुठल्याही नमुन्याचा इतका सुबक निकाल मी हयातीत दिला नव्हता. आणि खरा आकडा आठावरून हलला नव्हता.

शुक्रवारी घरी सोडतील असा माझा अंदाज होता. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की सुटले की आधी राजूरला जाईन, गणपतीच्या पाया पडून येईन. आणि एकटीच जाईन, माझा तसा नवस आहे. कुणाला शंका आली नाही. जालन्यात राजूरला निघालेल्या माणसाला कोण अडवतं? यजमानांचे तर डोळे भरून आले, बायकोला देव आठवला म्हणून. त्या वाटेवरून मी घरी परत येणार नव्हते. ज्या देवाचं नाव एकोणीस वर्षं घेतलं, त्याच्या नावाचा मी आडोसा केला होता.

मंगळवारच्या अंगारकीला आक्का नेहमीप्रमाणे चालत राजूरला गेल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी जुन्या जालन्यातून बायकांच्या घोळक्याबरोबर निघायचं आणि पहाटे देवळाच्या पायऱ्यांशी पोचायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. या वेळी मात्र त्या अनवाणी गेल्या होत्या. बुधवारी सकाळी साडेसातला त्या लंगडत खोलीत आल्या, पायाला फडकी बांधलेली, आणि पदराच्या गाठीतून प्रसादाची पुडी सोडली.

"तुझ्यासाठीच गेल्ते बरं का," त्या म्हणाल्या. "देवाला म्हणलं, माझे पाय घे, पण हिला घरी आण. आ कर."

त्यांनी पेढा आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला. रात्रीपासून काही खायचं नाही, अशी सूचना पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लावलेली होती. ती आक्कांनी वाचली होती, मी तर चार वेळा वाचली होती. तरी ते दोघींच्याही मनात आलं नाही. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं आणि प्रसाद म्हणजे काही खाणं नव्हे, हे आमच्यात इतकं मुरलेलं आहे.

पावणेनऊला भूलतज्ज्ञ डॉक्टर आले. पन्नाशीचे, ठेंगणे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझी नाडी धरली आणि विचारलं, "काही खाल्लं, प्यालं?"

"न्हाई हो डॉक्टर," आक्काच बोलल्या. "पाण्याचा थेंब न्हाई."

"बराबर. आता दुसरा प्रश्न. प्रसाद काय घेतला?"

आक्कांनी पदराची गाठ चाचपली. मग हळूच म्हणाल्या, "पेढा. आन जरासं खोबरं. पण डॉक्टर, ते काय खाणं हाय का? राजूरचा प्रसाद हाय तो!"

डॉक्टरांनी माझा हात खाली ठेवला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. मला वाटलं आता हे ओरडणार. ते हसले. "आक्का, देवाचा पेढा कोणता आन हलवायाचा कोणता, ते पोटाला न्हाई समजत. सलाईन चालू असताना ओकारी आली आन ती श्वासात गेली तर मंग जल्दी जल्दी पळायची पाळी येते." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बावीस वर्षं झाली मला इथं. काही खाल्लं का विचारलं की लोक न्हाई म्हणतात, आन खोटं बोलत नसतात बिचारे. त्यांच्या लेखी ते खाणंच नसतं. म्हणून दुसरा प्रश्न विचारावाच लागतो."

सलाईन दुपारी अडीचवर गेलं. आक्का खुर्चीत बसून रडायला लागल्या. पायाची साल निघेपर्यंत चालून ज्यांनी प्रसाद आणला, त्यांच्याच हातून उपचार पुढं गेला होता. मला त्यांची कीव यायला हवी होती. पण मला राग आला, आणि तोसुद्धा भलत्याच गोष्टीचा. अर्धा दिवस वाया गेला, शुक्रवारचा शनिवार झाला तर काय करायचं, एवढाच. त्या वेळी मी किती लांब गेले होते याचं दुसरं मोजमाप मला देता येणार नाही.

सिस्टरांनी आक्कांच्या पायाकडे पाहिलं आणि खाली जाऊन पट्टी करून या म्हणून सांगितलं. मला एकटं सोडायचं नाही, असा मॅडमचा नियम होता. यजमान औषधं आणायला गेले होते. म्हणून आक्कांनी मला सिस्टरांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसवलं आणि तिथं आधीपासून बसलेल्या एका बाईंना म्हणाल्या, "मावशी, जरा हिच्याकडं ध्यान ठेवता का? मी आलेच." जाता जाता उरलेला एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. त्या साठीच्या असतील. वाळलेल्या, उन्हात काम केलेल्या हाताच्या, गळ्यात काळ्या दोऱ्यात बुद्धाची बारीकशी प्रतिमा. त्या म्हणाल्या, "आम्ही देवाचं करत न्हाई बाई. पण तुमी पायी चालून आणलाय. तर घेते." आणि त्यांनी तो पेढा तिथंच खाल्ला, पुडीचा कागद घडी करून कमरेला खोचला.

मग त्याच बोलल्या. त्यांची लेक आत होती, तिचं तिसरं सलाईन चालू होतं. त्या अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून आल्या होत्या. मी चारचौघांसारखं विचारलं, फरक पडला का?

"पहिल्या टायमाला न्हाई पडला," त्या म्हणाल्या. "म्हंजी, ती म्हणली पडला. डाक्टरीनबाईला हसून सांगितलं, आता बरं हाय. घरी आणली. चार रोज चांगली वागली. आन पाचव्या रोजी तिनं तिची शेळी शेजारणीला देऊन टाकली. लाडाची शेळी, माझ्याबी हातानं चारा खात नव्हती ती. तवा मी वळखलं. आल्या पावली परत घेऊन आले हितं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टक लावून नाही, भाजी निवडताना बघावं तसं सहज. आणि विचारलं, "तुमी काय देऊन टाकलं?"

मरणाचा विचार येतो का, असं त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. आकडा तयार होता. या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या." मग, "हातातल्या बांगड्या लेकीच्या कपाटात ठेवल्या." मग, "प्रयोगशाळेतली माझी वही एका मुलीला समजावून दिली." मी हे सगळं सलग सांगत होते, कुणीतरी यादी वाचायला दिल्यासारखं. शेवटी म्हणाले, "सुटले की राजूरला जाणार आहे. एकटी."

"परत कवा येनार?"

माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. संध्याकाळी येणार, एवढं खोटं बोलायला काय लागत होतं? चार दिवस मी बोलत होतेच. पण तासाभरापासून भूलतज्ज्ञांचं ते वाक्य कानात बसलं होतं, लोक खोटं बोलत नसतात बिचारे. मी मात्र बोलत होते, सगळ्यांशी, अगदी गजाननाशीसुद्धा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन महिन्यांत मला रडू आलं नव्हतं.

त्या बाईंनी मला उपदेश केला नाही. लेकीचं तोंड बघा, नवऱ्याचं बघा, असलं एक अक्षर काढलं नाही. त्या उठल्या, माझं मनगट धरलं, आणि म्हणाल्या, "चला." चार पावलांवर सिस्टरांचं टेबल होतं. "ह्या बाईला मोठ्या डाक्टरीनबाईला सांगायचं हाय काहीतरी. आत्ताच सांगायचं हाय." मग माझ्याकडे वळून, "सांगा. मी हाय हितंच."

मॅडम आल्या. मी उभ्यानंच सांगितलं की आकडा आठ आहे, रोज आठच होता, एकनंही खाली आला नव्हता. राजूरचंही सांगितलं. मॅडमनी मला आधी बसवलं. त्या रागावल्या नाहीत, की अरे बापरे असा चेहराही केला नाही. म्हणाल्या, "बरं झालं आज सांगितलंत. आता मला नीट उपचार करता येतील." मग त्यांनी एकेक गोष्ट ठरवली. शुक्रवारी घरी जायचं नाही. चोवीस तास कुणीतरी सोबत राहील. दुपारचं सलाईन होणारच, आणि त्यावर भिस्त ठेवून बाकीचं सोडायचं नाही. यजमानांना मी स्वतः सांगावं, त्या शेजारी बसतील. मी सांगितलं. ते ऐकत असताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. ते एकच शब्द बोलले, "राजूरला?" आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला, इतका की दुखला. मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणजे काहीतरी वाटलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अडीच वाजता मला आतल्या खोलीत नेलं. दंडाला रक्तदाबाची पट्टी, बोटाला चिमटा, हाताला सुई. भूलतज्ज्ञांनी परत दोन्ही प्रश्न विचारले आणि आक्कांनी या वेळी दाराबाहेरूनच ओरडून सांगितलं, "कायच न्हाई! अंगारासुद्धा जिभेला लावला न्हाई!" खोलीतले सगळे हसले. थेंब पडायला लागले. पहिली काही मिनिटं काही झालं नाही. मग ओठ बधिर झाले, छत जरा लांब गेलं, आणि माझे हात माझेच आहेत की शेजारी कुणी ठेवलेत, ते कळेनासं झालं. भीती वाटली. डॉक्टरांचा आवाज आला, "मी इथंच हाय. नुसतं पडून राह्या." मी नाम घ्यायला लागले. गजानना, गजानना. थोड्या वेळानं ते नावही सापडेना. मी शोधलं, खरंच शोधलं, आणि ते नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ धरायला काहीही नव्हतं, देवाचं नावसुद्धा नाही. तरी मी पडत नव्हते. कुणीतरी खालून धरलं असावं तशी मी होते, एवढंच सांगता येतं. ते औषधानं झालं म्हणाल तर औषधानंच झालं. मी वाद घालणार नाही.

तासाभरानं छत जागेवर आलं. डोकं जड होतं, मळमळत होतं. चमत्कार वगैरे काही नव्हता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आक्का डबा सोडत होत्या आणि मला वास आला, ज्वारीच्या भाकरीचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा. मी म्हणाले, "आक्का, भूक लागलीय." त्यांच्या हातातलं झाकण खाली पडलं. जेवता जेवता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घरातला जुना फ्रिज दिवसभर घरघरतो, तो बंद पडला की आधी काय झालंय ते कळत नाही आणि मग कळतं की शांत झालंय, तसं. तो विचार नव्हता. मी आत जाऊन पाहिलं, कोपऱ्यात कुठं दबून बसला असेल म्हणून. होता, पण लांब होता आणि लहान होता. मॅडम आल्या, त्यांनी विचारलं, किती? मी म्हणाले, "तीन." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणाले, "खरे तीन."

दुसऱ्या दिवशी आक्कांनी सगळा मजला पालथा घातला, पण त्या बाई भेटल्या नाहीत. लेकीचं सलाईन झाल्यावर त्या अंबडच्या गाडीनं गेल्या होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. सिस्टर म्हणाल्या, दुसऱ्या पेशंटचं नाव-गाव आम्हाला सांगता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पेढा पोटात गेला नसता तर नऊ वाजता सलाईन लागलं असतं, दहा वाजता मी त्या बाकावर नसते, आणि कदाचित बरं वाटूनही मी माझं खोटं तसंच पोटात घेऊन घरी गेले असते. देवानं हे घडवलं का? ती माउली तर देव मानतच नव्हती. मला एवढं ठाऊक आहे की आक्कांनी पाय सोलून घेत जे मागितलं होतं, ते त्यांच्या चुकीतूनच मला मिळालं.

हे वाचून कुणी असं समजू नये की एका बाटलीनं मी बरी झाले. नवव्या दिवशी तो विचार परत आला, अगदी ओळखीच्या पावलांनी. फरक एवढाच की मॅडमनी विचारायच्या आत मी म्हणाले, "सहा." पुढं आणखी सलाईनं लागली, गोळ्या बदलल्या, दर आठवड्याला एका समुपदेशक ताईंशी बोलायला बसायचं सुरू झालं, ते आजही चालू आहे. तीन आठवड्यांनी मी घरी आले. डब्यांवरच्या चिठ्ठ्या यजमानांनी एकेक करून काढल्या होत्या. हळदीची तेवढी राहिली आहे. लेक म्हणते असू दे, मला उपयोगी पडते.

कामावर परत गेले तेव्हा पहिल्याच दिवशी सोयाबीनचा नमुना उघडायचा होता. आमच्याकडे न उगवलेला दाणा लगेच मेलेल्यात धरत नाहीत. चिमटीत धरून हलकेच दाबून पाहतात. मेलेला असला तर मऊ पडून फुटतो. काही दाणे मात्र दाबलं तरी टणक राहतात, ते जिवंत असतात, नुसते थांबलेले असतात, आणि त्यांची नोंद वेगळी होते. हे मी हजारो वेळा केलंय. त्या दिवशी पहिला दाणा चिमटीत धरला आणि मला त्या बाईंचं मनगट धरणं आठवलं. माझ्याबरोबरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, मोजतेय.

पुढच्या संकष्टीला आक्कांबरोबर राजूरला गेले, बसनं. गाभाऱ्यापुढं उभी राहिले आणि मागायला काही सुचलं नाही. एवढंच म्हणाले की तुझ्या नावाआड लपून मी निघाले होते, मला क्षमा कर. एकोणीस वर्षं मी त्याच्यापुढं हात जोडत आले होते, आणि प्रत्येक वेळी काय सांगायचं नाही ते आधी ठरवून जात होते. शरण जाणं म्हणजे मोठे उपवास, अनवाणी चालणं, असं मला वाटायचं. ते ज्याला जमतं त्यानं करावं, आक्कांचे पाय मी डोक्याला लावीन. माझ्यापुरतं शरण जाणं म्हणजे विचारलं की खरं सांगणं. पहिल्यांदा नाही जमलं तर दुसऱ्यांदा विचारल्यावर तरी.

आता रोज सकाळी आठला आक्कांचा फोन येतो. पहिला प्रश्न, "चहा झाला का?" मी हो म्हणते. मग त्या घसा खाकरतात आणि म्हणतात, "बरं. आता दुसरा." मी आकडा सांगते. दोन, कधी एक, कधी तीन. गेल्या गुरुवारी मी म्हणाले, "आक्का, आज पाच."

त्या घाबरल्या नाहीत. "बराबर," म्हणाल्या. "मॅडमला फोन लाव. मी येऊन राह्यले."

मी मॅडमना फोन लावला. पाऊण तासात आक्का दारात होत्या. पदराच्या गाठीत पुडी होती. आत यायच्या आधी, उंबऱ्याबाहेरच थांबून त्यांनी विचारलं, "आज चालतो ना गं पेढा? का सलाईन हाय?"

मला हसू आलं. मी म्हणाले, "चालतो." आणि हात पुढं केला.